लाईट गेली तरी रोबोटचा हात पडत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन विज्ञानकथालेखक डॅनियल विल्सन यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोबोटिक्समध्ये पीएचडी केलेला माणूस कादंबऱ्या लिहायला लागला म्हणजे शिक्षण पाण्यात गेलं, असल्यांचं कौतुक करून मी पोरांच्या डोक्यात खूळ भरवतोय, आणि कथेत मशीनचे आकडे आले की वाचक पान उलटतो. त्यात तुमची मुलगी मेकॅट्रॉनिक्सच्या (यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक यांचं एकत्र शिक्षण) तिसऱ्या वर्षाला आहे आणि लेख वाचल्यापासून ‘डिग्री झाली की लिहिणार’ म्हणते. तुमची काळजी रास्त आहे, पण ‘पाण्यात गेलं’ हे काही मला पटत नाही.

विल्सन यांनी २००५ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि त्याच वर्षी त्यांचं पहिलं पुस्तक आलं. त्यांच्या प्रबंधाचा विषय बघा. घरातल्या वयस्कर माणसांच्या तब्येतीवर कॅमेरा न लावता, साध्या सेन्सरनी लक्ष कसं ठेवायचं? दाराचा स्विच, हालचाल टिपणारा सेन्सर, पायाखालची चटई. हे सेन्सर फक्त हो किंवा नाही एवढंच सांगतात. फ्रीज उघडला हे कळतं, कुणी उघडला ते कळत नाही. माणूस एकटा असेल तर काम सोपं. पण मंगळवार पेठेतलं एखादं घर घ्या, आजी आणि सून दोघीच. दोघी स्वयंपाकघरात एकत्र आल्या आणि दोन दिशांना बाहेर पडल्या, की कोण कुठं गेलं याचा यंत्रणेला अंदाजच बांधावा लागतो. तो चुकला तर तिथून पुढं सुनेच्या हालचाली आजींच्या नावावर पडतात. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाणारी नोंद म्हणते, गुडघेदुखीच्या आजी दिवसात सहा वेळा जिना चढल्या. सेन्सर एकही बिघडलेला नाही, तरी नोंद खोटी आहे. त्यात एक अख्खी कथा बसलेली आहे, आणि ती दिसायला ते शिक्षणच लागतं.

आता आकड्यांबद्दल. त्या लेखात मी एका परिच्छेदात चार-पाच आकडे कोंबले होते, ते जड झालं हे मान्य. पण आकडे काढले की कथा सुधारते, हे चूक. जो आकडा पात्राला काही करायला लावतो तो ठेवायचा, बाकीचे काढायचे.

एक उदाहरण अगदी जवळून बघू, कारण रोबोटच्या बहुतेक कथा इथंच घसरतात. कोल्हापूरजवळची शिरोलीतली किंवा गोकुळ शिरगावची फाउंड्री, सहा अक्षांचा (सहा सांध्यांत वळणारा) रोबोट कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, उचलून फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करायला, नेतोय, मध्येच लाईट जाते. कथेत काय होतं? हात धाडकन खाली येतो. प्रत्यक्षात येत नाही. सांध्यांच्या मोटरमधले ब्रेक स्प्रिंगनं लागतात आणि विजेनं सुटतात. वीज गेली की हात आहे तिथंच आवळला जातो. धोका ग्रिपरमध्ये, म्हणजे भाग धरणाऱ्या पंजात असतो. तो धरतो हवेवर, साधारण ६ बार दाबावर. त्याला हवा देणारा व्हॉल्व्ह वीज गेल्यावर स्प्रिंगनं मागं येणारा असेल आणि नळ्या उलट्या जोडल्या असतील, तर वीज जाताक्षणी पकड सुटते. जोडणी बरोबर असली तरी कॉम्प्रेसर बंद पडलेला असतो आणि एखाद्या कनेक्टरमधून हवा झिरपत असते. दाब हळूहळू उतरतो. पाच-दहा मिनिटं सगळं शांत, ‘काही होत नाही’ म्हणत कुणीतरी खाली वाकून बघतो, आणि १२ किलोचं कास्टिंग सुटतं. उपाय साधा आहे: ग्रिपरच्या सिलिंडरलाच चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा परत जाऊ न देणारी झडप, नाहीतर स्प्रिंगनं बंद होणारा ग्रिपर. तो कुणी आणि का बसवला नाही, हा कथेचा प्रश्न.

तसाच टीच पेंडंटच्या, म्हणजे रोबोटला हालचाली शिकवायच्या हातातल्या रिमोटच्या, मागचा स्विच. त्याच्या तीन अवस्था असतात: सोडलेला, अर्धा दाबलेला आणि पूर्ण दाबलेला. फक्त अर्ध्यावर मोटर चालू राहते. कारण घाबरलेला माणूस एकतर हातातलं सोडून देतो, नाहीतर मूठ घट्ट आवळतो. दोन्ही वेळा रोबोट थांबला पाहिजे. शिवाय हातानं शिकवताना वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जाऊ देत नाहीत. माणसाच्या भीतीचा इतका बारकाईनं विचार त्या स्विचमध्ये आहे. त्यामुळे ‘शिकवताना रोबोटनं अचानक झडप घातली’ असं लिहायचं असेल तर त्याआधी रोबोटभोवतीच्या कुंपणाचं दार उघडलं की त्याला थांबवणारा स्विच चुंबक चिकटवून फसवलेला दाखवावा लागेल, आणि चुंबक चिकटवणारा माणूसही.

कथेचा यंत्राला काय उपयोग, असंही तुम्ही विचारलंत. पहिला औद्योगिक रोबोट १९६१ साली न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. डायकास्टिंगमधून (धातूच्या साच्यात दाबानं रस ओतून) निघालेले तापलेले भाग बाहेर काढणं हे त्याचं काम होतं. म्हणजे कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला ओळखीचंच. त्याची मूळ कल्पना जॉर्ज डेव्हॉल यांची. ती धंद्यात उतरवणारे जोसेफ एंगेलबर्गर आयझॅक आसिमोव्ह यांच्या रोबोटकथांचे वाचक होते आणि ते ऋण ते उघडपणे मान्य करत.

‘मराठीत यावर पोट भरत नाही’ हे मात्र खरं. म्हणून नोकरी सोडा असं मी कुठंही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. आपल्या कोल्हापुरातच जन्मलेले जयंत नारळीकर बघा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, नावाचं वजन पडू नये म्हणून, आणि पहिलं बक्षीस मिळालं. त्यासाठी त्यांनी संशोधन सोडलं नाही.

मुलीला डिग्री संपायची वाट बघायला लावू नका. कॉलेजच्या लॅबमधला नाहीतर इंटर्नशिपला मिळेल तो रोबोट घ्यायचा आणि तो थांबला की प्रत्येक वेळी वहीत चार गोष्टी टिपायच्या: वेळ, पॅनेलवर आलेला अलार्म, समोरच्या माणसानं सगळ्यात आधी काय केलं, आणि खरं कारण. अलार्म म्हणतो ‘पाचव्या अक्षावर जादा भार’. ऑपरेटर वेग कमी करतो, मेंटेनन्सवाला ग्रीस बघतो, आणि शेवटी निघतं काय, तर फिक्श्चरच्या, म्हणजे कास्टिंग जागेवर बसवणाऱ्या चौकटीच्या, पिनवर वाळू साचलीय, कास्टिंग २ मिमी तिरकं बसलंय आणि ग्राइंडिंग व्हील एका बाजूनं धातूत घुसतंय. रोबोट दर खेपेला अगदी बरोबर जागी जात होता. अशा तीसेक नोंदी झाल्या की त्यातली एक निवडून दोन हजार शब्दांत लिहायला सांगा, आणि त्यात आकडा एकच ठेवायला सांगा. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं, तेव्हा पहिला खर्डा मे अखेरपर्यंत झालेला बरा. तो इथं पाठवलात तर त्यातलं तंत्र मी ओळीओळीनं तपासून देईन.