ड्रॅगन दिसला म्हणजे बादशहाचाच झगा, असं नाहीये!

निळ्या रेशमी झग्याचा एक फोटो सगळीकडे फिरतोय, खाली लिहिलंय की हा चीनच्या बादशहाचा, कारण पाच नखांचा ड्रॅगन फक्त तोच घालायचा. हे चुकीचं आहे.

छिंग राजवटीत (1644 ते 1911) ड्रॅगनवाले झगे राजपुत्र, सरदार, दरबारी अधिकारी असे बरेच जण घालायचे. नियमाप्रमाणे खालच्या लोकांना चार नखांचाच ड्रॅगन होता, पण पुढे पुढे हा नियम कोणी फारसा पाळला नाही आणि साध्या अधिकाऱ्यांच्या झग्यावरही सर्रास पाच नखं दिसायला लागली, त्यामुळे नुसती नखं मोजून काही ठरत नाही.

मग बघायचं काय? एक म्हणजे रंग, झगझगीत पिवळा हा बादशहा, सम्राज्ञी आणि राजमाता यांचा, अधिकाऱ्यांचे झगे बहुतेक निळे. आणि दुसरं, खरं महत्त्वाचं, ती 12 चिन्हं: सूर्य, चंद्र, तारे, डोंगर, कुऱ्हाड वगैरे. 1759 च्या पोशाख-नियमांनी ती बादशहासाठी राखून ठेवली. फोटोतल्या झग्यावर यातलं एकही नाही.

आणि "आठच ड्रॅगन आहेत म्हणून नकली" हेही सोडून द्या प्लीज! छाती, पाठ, दोन खांदे, खाली पुढे दोन, मागे दोन, आणि नववा पुढच्या पदराच्या आत झाकलेला असतो, इतकं बारीक भरतकाम, जे घातल्यावर कोणाला दिसणारही नाही. किती सुंदर काम आहे हे, ते अधिकाऱ्याचं म्हणून कमी होत नाही.