सौरऊर्जेच्या कायद्यावर अधिक लिहायला हवे होते
न्यू जर्सी विधानसभेचे माजी सदस्य उपेंद्र चिवुकुला यांच्यावरील हा लेख नेल्लोर ते अमेरिका या प्रवासातच अधिक रमला आहे आणि त्यांच्या कायदेविषयक कामाला जेमतेम एक परिच्छेद मिळाला, याचे वाईट वाटले. विद्युत अभियंता असलेल्या या आमदाराचे २०१२ च्या सौरऊर्जा कायद्यामागचे काम समजून घेण्यासारखे आहे. राज्यात सौर प्रकल्प इतक्या वेगाने उभे राहिले होते की, सौरवीज निर्माण केल्याबद्दल प्रकल्पांना मिळणाऱ्या आणि वीजपुरवठादारांना सक्तीने विकत घ्याव्या लागणाऱ्या सौर प्रमाणपत्रांचा पुरवठा मागणीच्या पुढे गेला, त्यांचे भाव कोसळले आणि त्या उत्पन्नाच्या भरवशावर गुंतवणूक करणारे अडचणीत आले. चिवुकुला पुरस्कर्ते असलेल्या विधेयकाने पुढील काही वर्षांसाठी खरेदीचे बंधन वाढवले. शिवाय बंद झालेल्या कचराभूमींवर आणि प्रदूषित औद्योगिक जागांवर प्रकल्प उभारण्यास उत्तेजन दिले, जे मला त्यातले सर्वांत दूरदृष्टीचे कलम वाटते. ते स्वतः डेमोक्रॅट होते आणि सही करणारे गव्हर्नर क्रिस क्रिस्टी रिपब्लिकन, हेही नोंदवायला हवे. २०१४ मध्ये चिवुकुला राज्याच्या वीज, पाणी आदी सेवांच्या नियामक मंडळावर गेले. त्या कारकिर्दीबद्दल लेखकाने पुढे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.