प्रतिक्रियेला उत्तर: फ्लश, रीडमी आणि बागुलबुवा

नमस्कार,

टीएलएस (नेटवर्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करणारा थर) स्ट्रीमवर लिहून झालं की फ्लश करा, म्हणजे बफरमध्ये साचलेलं पुढे ढकला, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. साध्या टीसीपीतही (टीएलएसच्या खालचं, एन्क्रिप्शन नसलेलं कनेक्शन) राइट यशस्वी झालं म्हणजे डेटा पोचला असं नसतं, मग टीएलएसचाच बागुलबुवा कशाला. टीएलएस रेकॉर्डच्या (एकेका एन्क्रिप्टेड तुकड्याच्या) कमाल आकाराचा आकडा चुकलाय. आणि उदाहरणात शटडाउन, म्हणजे कनेक्शन रीतसर बंद करणं, नाही. इथं थांबला असतात तर बरं होतं. पण "रीडमी (लायब्ररीसोबतची माहितीची फाइल) वाचलं असतं तर हा लेख पाडावा लागला नसता" हे कशासाठी?

वाचलंय हो. पोल_राइट या लिहिण्याच्या फंक्शननं घेतलेला डेटा सॉकेटवर (खऱ्या नेटवर्क कनेक्शनवर) गेलाच असेल असं नाही, पोल_फ्लश करा, असं टोकिओ-रस्टल्स या रस्ट भाषेतल्या टीएलएस लायब्ररीच्या रीडमीत लिहिलेलंच आहे. मी ते बग सापडल्यावर वाचलं. तुम्ही आधी वाचता, अभिनंदन.

मी हे काम सी भाषा आणि ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीच्या काळापासून करतोय. तिथलं लिहिण्याचं फंक्शन, एसएसएल_राइट, 'वॉन्ट राइट' (आत्ता लिहिता येत नाही) म्हणून परतलं की तेच बफर घेऊन पुन्हा बोलवायचं असतं. मी मधेच रिअलॉक करून बफरचा आकार बदलला, बफर मेमरीत दुसरीकडे हललं, 'बॅड राइट रिट्राय' ही एरर. तीन रात्री गेल्या त्यात. (बफर हललेलं चालवून घेणारा मोड आहे, ठाऊक आहे. लगेच कळवू नका.) तेव्हा कुणी "मॅन्युअल वाच" म्हणालं असतं तर काय वाटलं असतं, ते आज तुमच्यामुळे कळलं.

आता बागुलबुवा. साध्या टीसीपीत डेटा कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये असतो आणि ते बाइट कर्नल स्वतः पुढे ढकलतो, तुमचा टास्क झोपला तरी. रस्टल्सचं (टोकिओ-रस्टल्सच्या आतलं) बफर तुमच्याच प्रोसेसमध्ये असतं. सॉकेट तुंबलेला असला तर पोल_राइट मजकूर एन्क्रिप्ट करून ठेवतं आणि "घेतला" म्हणून मोकळं होतं. पुढे कुणी राइट किंवा फ्लश केलंच नाही, तर ते रेकॉर्ड तिथेच पडून. आमच्याकडे लोड वाढला की नेमकं हेच व्हायचं: सर्व्हर उत्तर दिलं असं समजून पुढच्या विनंतीसाठी वाचत बसलेला, क्लायंट त्याच उत्तराची वाट बघतोय. दोघेही सभ्यपणे गप्प. साध्या टीसीपीत दाखवा बरं असं.

आकड्याचं मान्य. रेकॉर्डमध्ये जास्तीत जास्त 16,384 बाइट मजकूर मावतो, मी 16,000 लिहिलं होतं. दुरुस्त केलं, आभार.

शटडाउनचं म्हणाल, तर क्लोज_नोटिफाय ('माझं संपलं' सांगणारा टीएलएस संदेश) न पाठवता कनेक्शन तोडलं की मजकूर संपला की मधेच कापला गेला हे समोरच्याला कळत नाही, हे खरं. पण तो लेखाचा विषय नव्हता.