मर्टलची डहाळी आणि मामीचा गजरा

मामेबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलंय. हळद कोणी कोणी लावायची त्याची यादी बहिणीने मला फोनवर वाचून दाखवली. त्यात मामीचं नाव नव्हतं. नवरीची सख्खी आजी! मामा जाऊन सहा वर्षं झाली, एवढंच कारण. "तिलाच नको वाटतं गं," बहीण म्हणाली.

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. राज्य सरकारनेही इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या घरी त्या बातमीचं केवढं कौतुक झालं होतं! मामीच्या केसांत मात्र तेव्हाही कुणी गजरा माळला नाही.

मी इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला राहते. समोरच्या आइल ऑफ वाइट बेटावर ऑस्बोर्न हाउस हा व्हिक्टोरिया राणीचा वाडा आहे. १८४५ मध्ये राणीचा नवरा आल्बर्ट याच्या आजीने जर्मनीत राणीला फुलांचा गुच्छ दिला होता. त्यातली मर्टल या सुवासिक झुडपाची डहाळी वाड्याच्या बागेत रुजवली, असं सांगतात. त्या काळच्या फुलांच्या भाषेत मर्टल म्हणजे प्रेम. १८५८ मध्ये थोरल्या राजकन्येच्या लग्नातल्या गुच्छात मर्टल होतं. १८६१ मध्ये आल्बर्ट गेला आणि राणीने मरेपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षं, काळा पोशाख सोडला नाही. तरीही राजघराण्यातल्या नवरीच्या हातात याच बागेतलं मर्टल द्यायची रीत पडली. २०११ मध्ये राजपुत्र विल्यमची नवरी केट मिडलटन हिच्या गुच्छातही ते होतं. विधवेच्या बागेतली डहाळी, आणि ती शुभ!

इंग्रजांना मोठेपणा देण्यासाठी हे सांगत नाही. विधवांना क्रेपच्या काळ्या सुतकी कापडात गुंडाळून ठेवण्यात तेही कमी नव्हते. आणि फुलांना अर्थ चिकटवण्याची तर त्यांना हौसच होती. केट ग्रीनअवेच्या १८८४ च्या फुलांच्या अर्थांच्या कोशात झेंडूची गत बघा. आपण दसऱ्याला दाराला बांधतो त्या टपोऱ्या झेंडूला तिथे 'आफ्रिकन मॅरिगोल्ड' म्हटलंय आणि अर्थ दिलाय असंस्कृत मन! आज इथल्या बागांत तोच झेंडू लोक हौसेने लावतात, तो अर्थ कुणाच्या गावीही नसतो. माणसांनी लावलेला अर्थ माणसांनीच सोडून दिला.

बहिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "तू तिकडे आहेस. मांडवात चार बायका कुजबुजतील त्या मला ऐकायच्यात." तिचं खरं आहे, ती कुजबुज मला ऐकावी लागणार नाही. पण 'तिलाच नको वाटतं' हे मला पटत नाही. सहा वर्षांत मामीला कुणी विचारलंय का? मामा रोज संध्याकाळी मोगऱ्याचा पुडा घेऊन यायचे. तिला फुलं नकोशी झाली असतील, यावर माझा विश्वास नाही.

मग मी थेट नवरीलाच फोन केला. ती म्हणाली, "पहिली हळद आजीच लावेल. आणि तिचा गजरा मी आणते."