एकदा तारण, कायमचं तारण? हे डॉर्टच्या सभेलाही चाललं नसतं

मराठी ख्रिस्ती ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. उपासनेनंतर चहा घेताना किंवा तरुण संघाच्या बैठकीत तारणाचा, म्हणजे पापापासून सुटकेचा, विषय निघाला, की कुणीतरी मोबाइल पुढे करतंच. मजकूर थोडक्यात असा:

"ज्याने एकदा मनापासून प्रार्थना करून येशूला तारणारा म्हणून स्वीकारलं, त्याचं तारण कायमचं. पुढे त्याने काहीही केलं, अगदी विश्वास सोडला, तरी ते जात नाही. पहिल्या शतकापासून खऱ्या मंडळीची हीच शिकवण. याविरुद्ध पवित्र शास्त्रात एकही वचन नाही. जो विश्वास सोडून गेला तो मुळात तरलेलाच नव्हता. तारण जाऊ शकतं असं म्हणणारा कृपेने नव्हे तर कर्माने तारण शिकवतो. बाप मुलाचं नातं तोडतो का? तारणाबद्दल शंका येते ती सैतानाकडून." सोबत योहान १०:२८ हे वचन, 'त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही'. मग आमेन लिहा आणि पुढे पाठवा.

देव आपल्या लोकांना शेवटपर्यंत राखतो, ही शिकवण भक्कम आहे आणि तिच्यामागे मोठे अभ्यासक उभे आहेत. ती मला पूर्ण पटत नसली तरी तिचा मान राखूनच बोलायला हवं. माझं भांडण या मजकुराशी आहे. तो नाव त्या शिकवणीचं घेतो आणि माल भलताच विकतो.

मुळात या मजकुराचं स्वतःशीच पटत नाही. एका वाक्यात म्हणतो, विश्वास सोडला तरी तारण जात नाही. तीन वाक्यांनी म्हणतो, विश्वास सोडला म्हणजे तो तरलेलाच नव्हता. दोन्ही एकदम खरं कसं असेल? विश्वास सोडलेला माणूस एक तर अजून तरलेला आहे, नाही तर कधीच नव्हता. या दोन वेगळ्या शिकवणी आहेत आणि एकीला मानणारे दुसरीला चांगलेच फटकारतात. 'तरलेलाच नव्हता' हे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतलं उत्तर आहे: देव ज्याला निवडतो त्याला विश्वासात टिकवूनही ठेवतो, त्यामुळे खरा विश्वासी अखेरीस विश्वासातच सापडतो. 'विश्वास उडाला तरी चालेल, प्रार्थनेची तारीख पुरे' हा प्रकार बराच अलीकडचा, मुख्यतः विसाव्या शतकातल्या अमेरिकन सुवार्तिक मंडळींमधला. येशूला प्रभू न मानता नुसतं तारणारा मानून भागतं का, यावर तिथे १९८०च्या दशकात मोठा वाद झाला, आणि 'अजिबात भागत नाही' असं ठणकावून सांगणाऱ्यांत तारण कायमचं मानणारेच पुढे होते.

त्यांच्या शिकवणीचा मूळ दस्तऐवज उघडून पाहा. नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्ट शहरात नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ या काळात एक धर्मसभा भरली होती, तिला डॉर्टची सभा म्हणतात. वाद डच धर्मपंडित आर्मिनियस याच्या अनुयायांशी होता. आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. त्यातलं पाचवं कलम पाहण्यासारखं आहे: विश्वासी माणूस हलगर्जीपणाने कृपा गमावू शकतो का, हे शास्त्रातून अजून नीट तपासायला हवं, मगच आम्ही ते खात्रीने शिकवू. म्हणजे ज्यांना 'तारण जातं' म्हणणारे ठरवून झोडपलं, त्यांनी तेव्हा हा प्रश्न उघडाच ठेवला होता! सभेने निकाल त्यांच्याविरुद्ध दिला, त्यांचे सुमारे दोनशे पाळक पदावरून काढले गेले, आणि सभा संपल्यावर चारच दिवसांनी, १३ मे १६१९ रोजी, त्यांचा राजकीय पाठीराखा ओल्डनबार्नफेल्ट याचा शिरच्छेद झाला. त्यात राजकारणच जास्त होतं, पण त्या निकालाला हीही पार्श्वभूमी आहे.

आता निकालात काय आहे? खरे विश्वासीही गंभीर पापात पडू शकतात, दावीद आणि पेत्र पडले, असं पाचव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय. अशा पापाने ते देवाला अतिशय दुखवतात, मरणाला पात्र असा दोष ओढवून घेतात, पवित्र आत्म्याला खिन्न करतात आणि कधीकधी देवाच्या कृपेची जाणीवही काही काळ गमावून बसतात. तरी देव आपला आत्मा त्यांच्यापासून पूर्णपणे काढून घेत नाही, त्यांना निश्चितपणे पश्चात्तापाकडे आणतो. 'काहीही केलं तरी' या तीन शब्दांना तिथे जागाच नाही. शिवाय देव माणसाला टिकवतो तो कशाकशाने, याची यादीही दिली आहे: वचन ऐकणं, वाचणं, त्यावर मनन, बोध, अभिवचनं, संस्कार, आणि हो, धमक्याही. म्हणजे शास्त्रातले धाकाचे उतारे त्यांनी बाजूला सारले नाहीत, ते वाचूनच विश्वासी टिकतो असं मानलं. आपल्या मजकुराने नेमके तेच उतारे 'नाहीतच' म्हणून गायब केले आहेत.

'पहिल्या शतकापासून हीच शिकवण' या दाव्याला सगळ्यात चांगलं उत्तर इ. स. २५० साली मिळतं. रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला की सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. एक ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या बहात्तर वर्षांच्या गावकऱ्याचा आहे. उजव्या भुवईवर व्रण, अशी ओळखीची खूणही त्यात नोंदली आहे. मी देवतांना नेहमीच बळी अर्पण करत आलो, आताही तुमच्यासमोर केलं, प्रसाद चाखला, तशी सही द्यावी, अशी त्यातली विनंती. हा गृहस्थ ख्रिस्ती होता असं मुळीच नाही, दाखला सगळ्यांनाच घ्यावा लागे. पण ख्रिस्ती लोकांपुढे हाच कागद येऊन पडला. कित्येकांनी बळी दिला, कित्येकांनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक मंडळीच्या दारात परत आले, आणि यांचं करायचं काय, यावरून उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजपासून रोमपर्यंत रान पेटलं. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, आधी दीर्घ प्रायश्चित्त, मग परत घेऊ. रोममधला नोव्हेशियन म्हणाला, मंडळीला यांना परत घेण्याचा अधिकारच नाही. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोन बाजूंपैकी एकीलाही 'तारण कायमचं आहे, काळजी नको' असं सुचलं नाही. ती शिकवण पहिल्यापासून चालत आली असती, तर हा वाद पेटलाच नसता.

तारण कायमचं मानणारे चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन याचं नाव घेतात. शेवटपर्यंत टिकणं हे देवाचं दान आहे असं त्याने शिकवलं, हे खरंच. पण ते दान आपल्याला मिळालंय की नाही, हे माणूस जिवंत असेपर्यंत खात्रीने सांगता येत नाही, असंही तोच लिहितो. शिवाय बाप्तिस्म्यात नवा जन्म मिळालेल्या काहींना हे दान मिळत नाही, असंही त्याचं मत. मजकुराला हा ऑगस्टीन झेपणार नाही.

कॅथलिकांबद्दल फार सांगायला नको. ट्रेंटच्या धर्मसभेने जानेवारी १५४७ मध्येच सांगून टाकलं की नीतिमान ठरलेला माणूस कृपा गमावू शकतो. वसईतला एखादा माणूस कन्फेशनच्या, म्हणजे पापकबुलीच्या, रांगेत उभा राहतो तो उगाच नाही. ऑर्थोडॉक्स मंडळींनी १६७२ साली जेरुसलेमच्या सभेत कॅल्विनची शिकवण नाकारली. म्हणजे जगातल्या निम्म्याहून अधिक ख्रिस्ती लोकांच्या मंडळ्या हे मानत नाहीत, आणि मजकूर त्यांना एका वाक्यात 'खोट्या मंडळी'त ढकलून मोकळा होतो.

आपल्याकडे तर दोन्ही वारसे एकाच अंगणात नांदतात. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट कॅल्विनच्या परंपरेतले. १८२९ साली आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन प्रेस्बिटेरियन, म्हणजे तेही त्याच गोटातले. १८७१ मध्ये विल्यम टेलर आले ते मेथॉडिस्ट, जॉन वेस्लीच्या शिकवणीतले, आणि पवित्र जनही पडून नाश पावू शकतो असं वेस्लीने १७५१ साली स्वतंत्र पुस्तिका काढून मांडलं होतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथॉडिस्ट एकत्र आले. तारण कायमचं की नाही, यावर त्या सगळ्यांचं एकमत नव्हतं. तरी कुणी कुणाला 'तू तरलेलाच नाहीस' असं ऐकवून सभात्याग केला नाही.

राहिला शास्त्राचा मुद्दा. 'एकही वचन नाही' असं लिहिणाऱ्याने इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय चाळलेला दिसत नाही. तिथे ज्यांच्याबद्दल बोललंय त्यांची वर्णनं पाहा: एकदा प्रकाश मिळालेले, स्वर्गीय दानाची चव घेतलेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले, देवाचं वचन आणि येणाऱ्या युगाचं सामर्थ्य अनुभवलेले. आणि हेच लोक पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे. हे सगळं मिळालेला माणूस 'मुळात विश्वासी नव्हता' म्हणायचं, तर विश्वासी म्हणायचं तरी कुणाला? दहाव्या अध्यायात आणखी कडक आहे. ज्या रक्ताने तो पवित्र झाला ते रक्त त्याने तुच्छ मानलं, असं तिथे म्हटलंय. योहान १५ मध्ये वेलीतच असलेला फाटा तोडून जाळला जातो. रोमकरांस ११ मध्ये विदेशी विश्वासीयांना बजावलंय, तुम्हीही छाटले जाल. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातला ओकारीकडे परतणारा कुत्रा तर सगळ्यांना ठाऊक आहे.

पण मी ज्या बाजूकडे झुकतो, त्या बाजूचे लोकही सोयीस्कर वाचतात. इब्री ६ मध्ये लगेच पुढे नववं वचन आहे: प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. ते गाळायचं नाही. शिवाय तिथे 'अशक्य' म्हटलंय. त्यामुळे शनिवारी तारण गेलं आणि रविवारी पुन्हा मिळवलं, अशी ये-जा शिकवणाऱ्या पाळकांनाही हा अध्याय सोयीचा नाही. योहान १० मध्येही तेच होतं. 'दुसरा कोणी हिसकावणार नाही, पण मेंढरू स्वतः निघून जाऊ शकतं' असं म्हणून आम्ही सुटका करून घेतो. पण त्याच वचनात 'त्यांचा कधीही नाश होणार नाही' हेही आहे, आणि ते इतकं सहज झटकता येत नाही. मात्र मजकूर अठ्ठाविसावं वचन देतो आणि सत्ताविसावं गाळतो. सत्ताविसाव्यात ही मेंढरं कोण ते सांगितलंय: जी त्याची वाणी ऐकतात आणि त्याच्यामागे चालतात. हात वर करून एकदा प्रार्थना केली आणि मग वीस वर्षं पाठ फिरवली, अशा मेंढराला ते अभिवचन दिलेलं नाही.

'गेला तो तरलेलाच नव्हता' याला आधार योहानाच्या पहिल्या पत्राचा आहे: ते आपल्यातून निघाले, पण ते आपले नव्हते. आधार खरा आहे. पण हे उत्तर पत्करलं की मजकुरातली हमीच उडते. देमास घ्या. पौलाच्या दोन पत्रांत तो सहकारी म्हणून सलाम पाठवतो, तिसऱ्यात 'ऐहिक सुख प्रिय मानून मला सोडून गेला'. देमास आधीपासूनच बनावट होता म्हटलं, तर पौलासोबत असताना त्याला स्वतःला तसं वाटत होतं का? कॅल्विनने हा प्रश्न टाळला नाही. न निवडलेल्यांनाही काही काळ खऱ्या विश्वासासारखीच भावना होऊ शकते, असं तो मान्य करतो. मग आज पहिल्या बाकावर बसून हमी वाटणाऱ्याची भावना कोणती, हे प्रार्थनेच्या तारखेवरून कसं ठरवणार? ते शेवटपर्यंत टिकण्यावरूनच कळतं. म्हणजे व्यवहारात आपण पुन्हा 'टिकून राहा' इथेच येतो.

कर्माने तारणाचा आरोप तर सरळ खोटा आहे. विश्वासानेच, कृपेनेच तारण, हे धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या लोकांपेक्षा जास्त कुणी घासून सांगितलं असेल? त्यांच्याच १५३०च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यात, बारावं कलम म्हणतं: एकदा नीतिमान ठरलेले पवित्र आत्मा गमावू शकत नाहीत, असं म्हणणाऱ्यांचा आम्ही निषेध करतो. आणि १५३०च्या दशकातच लूथर स्वतः दावीदाबद्दल लिहितो, की व्यभिचार आणि खून केला तेव्हा विश्वास आणि पवित्र आत्मा त्याच्यातून निघून गेले होते. तोच दावीद डॉर्टच्या सभेने उलटा वाचला: आत्मा पूर्णपणे गेला नव्हता. स्तोत्र ५१ मध्ये दावीद विनवतो, तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नकोस. लूथरवादी म्हणतील, जाऊ शकतो म्हणून तर विनवणी. डॉर्टवाले म्हणतील, विनवणी करतोय म्हणजे गेला नाही. या वादात कुणीही कर्माची बाजू घेतलेली नाही. भीक मागणाऱ्या माणसाबद्दलच दोघं बोलताहेत.

बापलेकाचा दाखला लूक १५ मध्येच तपासावा. बाप नातं तोडत नाही, खरं आहे. पण मुलगा परत आल्यावर बापच म्हणतो, हा माझा मुलगा मेला होता, तो पुन्हा जिवंत झाला आहे. दूर देशी डुकरांमागे होता तेव्हाही सगळं ठीकच होतं, असं तो बाप म्हणत नाही.

आणि शंका सैतानाकडून? १६४०च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेला वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब तारण कायमचं मानणाऱ्यांचाच. त्याचा सतरावा अध्याय संतांच्या, म्हणजे खऱ्या विश्वासीयांच्या, टिकण्यावर आहे आणि अठरावा खात्रीवर. अठराव्यात म्हटलंय की खऱ्या विश्वासी माणसालाही ही खात्री मिळायला बराच काळ झगडावं लागू शकतं, मिळालेली खात्री डळमळू शकते, कमी होऊ शकते, कधी आपल्याच हलगर्जीपणामुळे, तर कधी देवाने आपला प्रकाश आवरून घेतल्यामुळेही. मजकूर ज्याला सैतानाचं काम म्हणतो, त्याची कारणं सांगताना त्या अध्यायाने देवाचंही नाव घेतलंय. आमेन लिहून पुढे पाठवण्याआधी हे दोन अध्याय एकदा वाचायला काय हरकत आहे?