राउटरला तेल पाजा म्हणे!

सुतारकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, मला तर आत्तापर्यंत चार जणांनी पाठवला. त्यात राउटर, म्हणजे वायफायचा नव्हे, लाकडात खाचा आणि कडा कोरायचं मशीन, सांभाळायच्या पाच टिप्स आहेत. कोलेटमध्ये (बिट, म्हणजे फिरणारं पातं, धरणाऱ्या नळीत) दोन थेंब तेल सोडा म्हणजे बिट अडकणार नाही, बिट तळाला टेकेपर्यंत घाला आणि नट जमेल तेवढा आवळा, कंप्रेसरची हवा फुल प्रेशरने मारा, बिट पेट्रोलमध्ये बुडवून साफ करा, आणि बिट बदलताना स्विच बंद केला की बास. लिहिणाऱ्याने राउटरला आजीचं शिलाई मशीन समजलंय बहुतेक, दर रविवारी तेल दिलं की झालं. पाचातला एक मुद्दा अर्धा बरोबर आहे, तो पुढे येईलच, पण पहिला वाचून तर माझ्या अंगावर काटाच आला.

कोलेट म्हणजे काय, तर चिरा पाडलेली एक बारीक नळी. नट आवळला की ती मोटरच्या शाफ्टच्या निमुळत्या भोकात दाबली जाते आणि बिटच्या दांड्याला सगळीकडून आवळते. तिथे ना चावी, ना खाच, बिट धरलाय तो फक्त घर्षणाने, आणि तुम्ही त्यातच तेल सोडणार! हे मी स्वतः करून बसलोय. ट्रिमरवर, म्हणजे छोट्या राउटरवर, सागाच्या फळीत ६ मिमी खोल खाच मारत होतो, आदल्या दिवशी कोलेट 'स्वच्छ' करताना तेलाचं फडकं फिरवलेलं, आणि खाचेच्या दुसऱ्या टोकाला माप घेतलं तर ९ मिमी. बिट चालता चालता हळूहळू खाली सरकत आला होता आणि मला पत्ता नाही. फळी गेली, बोटं राहिली, एवढंच नशीब.

बिट अडकतो तो कोरडेपणामुळे नाही, बारीक भुसा आणि लाकडाचा चीक आत साठून भाजतो म्हणून. दांड्यावर तपकिरी डाग दिसले की समजायचं एकतर आत घाण आहे किंवा बिट घसरतोय. उपाय सोपा, कोलेट बाहेर काढा, आतून पितळी तारांचा गोल ब्रश फिरवा, थिनरच्या फडक्याने ते, शाफ्टचं भोक आणि दांडा पुसा आणि कोरडं होऊ द्या. पॉलिश पेपर मात्र लावू नका, माप बिघडतं. एवढं करूनही बिट सरकत असेल तर कोलेट नवीन घ्या, ती झिजणारीच वस्तू आहे.

आता 'तळाला टेकवा आणि आवळा'. नट आवळताना कोलेट बिटला घेऊन किंचित आत सरकतं. बिट आधीच तळाला टेकलेला असेल तर त्याला सरकायला जागा नाही, मग हाताला घट्ट लागतं पण पकड अर्धवटच असते. म्हणून पूर्ण आत घालून २-३ मिमी बाहेर ओढायचा, मग आवळायचा. पान्याला पाईप लावून जोर काढणारे मिस्त्री मी पाहिलेत, त्याने पकड वाढत नाही, आटे जातात. आणि बिट नसताना नुसता नट आवळून ठेवायचा नाही, कोलेट आतल्या आत चेपतं. अजून एक, ६ मिमीचा बिट पाव इंची कोलेटमध्ये 'बसतो' म्हणून वापरू नका, पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. १२ मिमी आणि अर्धा इंच (१२.७) यांचंही तेच. ५० मिमी व्यासाचा बिट २२,००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) फिरला तर त्याच्या कडेचा वेग ताशी २०० किमीच्या वर जातो, एवढा मोठा बिट मुळात निम्म्या स्पीडवरच चालवायचा असतो, आणि तो सुटला तर कुठे जाईल ते तुम्हीच बघा.

हवा मारायचा मुद्दा, हाच तो अर्धा बरोबर. हवा मारायचीच, पण हलक्या प्रेशरने, लांबून, चष्मा आणि एन९५ मास्क लावून. जवळून फुल प्रेशर मारलं की एमडीएफची (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डाची) पिठासारखी धूळ बेअरिंगच्या सीलमधून आत घुसते. आधी व्हॅक्यूम, मग हवा. आणि मास्क 'धुळीची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी' वगैरे नसतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलीये.

पेट्रोलबद्दल काय बोलायचं. कार्बन ब्रशच्या (मोटरला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या) ठिणग्या उडणाऱ्या मशीनशेजारी, भुशाच्या ढिगात, पेट्रोलची उघडी वाटी! साधं गरम पाणी, धुण्याचा सोडा, जुना टूथब्रश, १५ मिनिटं भिजवून घासलं की चीक सुटतो, मग लगेच पुसून कोरडा करा. सनमाइका ट्रिम करणाऱ्यांच्या बिटवर चिकटवायचं रबरवालं सोल्यूशन बसतं, त्याला थिनर. पण टोकाला छोटं बेअरिंग असेल तर भिजवण्याआधी ते काढून ठेवा, नाहीतर आतलं ग्रीस धुतलं जातं आणि बेअरिंग जाम झालं की सनमाइकाच्या कडेवर काळा पट्टा उठतो. 'धार गेली' म्हणून फेकलेले निम्मे बिट नुसते चिकट असतात हो.

राहिला स्विच. आपल्याकडे लाईट जाते. मशीन चालू असताना गेली, स्विच तसाच 'ऑन' राहिला, कंटाळून बिट बदलायला घेतला आणि लाईट परत आली, तर? बऱ्याच ट्रिमरचा सरकता स्विच कुठे आहे हे भुशात दिसतही नाही. म्हणून प्लग काढायचा, आणि काढलेली पिन समोर दिसेल अशी टेबलावर ठेवायची. प्लग काढलेलाच आहे तर जमल्यास कार्बन ब्रशही उघडून बघा, खुणेपर्यंत झिजले असतील तर दोन्ही एकदम बदला. मेसेजमध्ये कार्बनचं नावसुद्धा नाहीये.