खेळणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

मालिका-सिनेमांतल्या 'गेम खेळणाऱ्या मुला'बद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही मोकळेपणाने प्रतिक्रिया दिलीत. तुम्ही स्वतः मालिकांच्या सेटवर कला विभागात काम करता, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय मिटवणं मला बरं वाटलं नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. रोज एक एपिसोड बाहेर काढायचा असतो, तिथे रिमोटची वायर कुठे जाते हे बघायला कुणाला सवड नसते. प्रेक्षकाला एवढंच कळायला हवं की मुलगा अभ्यास टाकून खेळतोय. आणि शेवटचा, सगळ्यात टोचणारा मुद्दा: "घरोघरी मुलं गेममध्ये बुडालीत आणि तुम्ही बटणं मोजत बसलात."

सवडीचं मला पटतं. उरलेलं पटत नाही, आणि शेवटचा मुद्दा तर मला उलटाच वाटतो. गेममध्ये बुडालेल्या मुलाची गोष्ट खरी वाटेल अशी सांगायची असेल, तरच ती बटणं नीट दाखवावी लागतात.

मी लिहिलेला प्रसंग असा होता: मुलगा सोफ्यावर, हातात कंट्रोलर, त्याची वायर उशीखाली गेलेली, शोकेसमधला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, बंद. दोन्ही अंगठे धडाधड आपटतायत, खांदे उडतायत, टीव्हीतून पीप-पीप आवाज. आई जेवायला बोलावते, तो मान पूर्ण वळवून तिच्याशी भांडतो आणि तरी अंगठे चालूच. मग ओरडतो, "येस, हाय स्कोअर!"

यातल्या काही गोष्टींमागे कामाच्या खऱ्या अडचणी आहेत, हे मला ठाऊक आहे. जुन्या काचेच्या टीव्हीवर आपल्याकडे सेकंदाला 25 चित्रं उमटायची आणि सिनेमाचा कॅमेरा 24 टिपायचा, त्यामुळे पडद्यावर पट्टे सरकताना दिसत. म्हणून टीव्ही बंद ठेवून शूट करायचं आणि चित्र नंतर चिकटवायचं, ही सवय पडली. म्हणजे नट काळ्या काचेकडे बघून खेळल्याचा अभिनय करतो. खऱ्या गेमचं चित्र वापरायचं तर कंपनीची परवानगी लागते, म्हणून कुठलं तरी बनावट चित्र येतं. आवाजाचंही तसंच. 1982 साली अटारी 2600 या कन्सोलवर पॅकमॅन हा गेम आला, त्याचे आवाज तयार ध्वनींच्या संग्रहांत शिरले आणि त्यानंतर कितीतरी वर्षं, पडद्यावर कुठलाही गेम असो, परदेशी मालिका-सिनेमांत तेच वाजत राहिले. साउंडवाल्याला घाईत 'व्हिडिओ गेम' नावाची फाइल हवी असते, ती मिळते, काम होतं.

वायर, चित्र, आवाज इथवर मी समजू शकते. पण अंगठे का आपटतात? त्याला ना परवानगी आड येते ना कॅमेरा. ते आपटतात कारण सेटवरच्या सगळ्यांना गेम खेळणं म्हणजे तेच वाटतं. लेखकापासून दिग्दर्शकापर्यंत सगळ्यांनी धरून चाललेलं असतं की या मुलाच्या डोक्यात काहीच चाललेलं नाही, आणि नट प्रामाणिकपणे तेवढंच वठवतो.

2004 मध्ये कॅलिफोर्नियात इव्हो या फायटिंग गेम्सच्या स्पर्धेत झालेल्या एका लढतीचा व्हिडिओ आजही लोक काढून बघतात. गेम 'स्ट्रीट फायटर 3: थर्ड स्ट्राइक', समोरासमोर जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग. उमेहाराच्या पात्राची ताकद इतकी संपलेली की नुसता अडवलेला फटकाही त्याला बाद करेल. वाँग त्याच्यावर सलग 15 फटक्यांचा हल्ला सोडतो. या गेममध्ये फटका अंगावर पोचायच्या नेमक्या क्षणी कंट्रोलरचा दांडा (जॉयस्टिक) समोरच्याच्या दिशेने ढकलला, तर तो फटका पूर्ण वाया जातो. जरा लवकर किंवा उशीर झाला की संपलं. उमेहारा पंधराच्या पंधरा फटके असे परतवतो आणि लगेच उलटा हल्ला करून जिंकतो. मागची गर्दी किंचाळत उभी राहते. ते दोघं मात्र बसून आहेत, हालतात ते हात. बटणं आपटणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या फटक्यालाच हरला असता.

शरीर अजिबात हलत नाही असंही मी म्हणणार नाही. कार रेसमध्ये वळणावर झुकणारे कितीतरी जण मी बघितलेत. बीजीएमआय हा फोनवरचा नेमबाजीचा गेम खेळणारी मुलं जायरोस्कोप (फोन किती कलला ते ओळखणारी सोय) चालू ठेवतात, तेव्हा नेम धरायला फोन खरोखरच तिरपा करावा लागतो, आणि सराईत खेळाडू अंगठ्यांबरोबर तर्जन्याही वापरतो, त्यामुळे बोटं नख्यांसारखी वाकलेली दिसतात. पण यातल्या प्रत्येक हालचालीला कारण असतं. सराईत खेळणारा एकही बोट उगाच हलवत नाही. पापण्यासुद्धा कमी लवतात.

तुम्ही म्हणाल, असा गप्प बसलेला मुलगा पडद्यावर कंटाळवाणा दिसेल. बुद्धिबळ यापेक्षा जास्त गप्प असतं. 2020 साली आलेल्या 'द क्वीन्स गॅम्बिट' या मालिकेने सल्ल्यासाठी बुद्धिबळाचा माजी विश्वविजेता गॅरी कास्पारोव्हला घेतलं, पटावरचे डाव खरे मांडले, नटीला मोहरा कसा उचलायचा हे शिकवलं. ज्यांना घोडा कसा चालतो हेही ठाऊक नव्हतं असे लोक तिचे डोळे बघत बसले. डोक्यात काही चाललंय हे मालिकेला मान्य होतं, म्हणून ते दिसलं. आणि आपल्या मालिकेत एखाद्या फलंदाजाने बॅट उलटी धरली, तर लाइटदादासुद्धा शॉट थांबवेल.

आता तुमचा खरा मुद्दा, व्यसन. तो मी टाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी 2022 पासून लागू झालं, गेमिंगचा विकार नोंदवलेला आहे. तो कसा ओळखायचा तेही तिथे दिलं आहे: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडतात, नुकसान दिसत असूनही खेळणं वाढतच जातं, आणि हे साधारण वर्षभर चालतं. किती तास खेळला की विकार, असा आकडा त्यात नाही. बघायचं असतं ते त्या माणसाच्या बाकीच्या आयुष्याकडे. मालिकेत मात्र अंगठे आपटणारा मुलगा पहिल्या सीनमध्येच व्यसनी असतो, कारण कंट्रोलर हातात असणं हाच पुरावा मानलेला असतो. त्याला काय ओढून नेतंय हे लेखकाने कधी विचारलेलंच नसतं. ओढ कसली हे न कळता ओढला गेलेला मुलगा कसा दाखवणार?

गेमची चेष्टा करूनही हे नीट दाखवता येतं. 'साउथ पार्क' या अमेरिकन कार्टून मालिकेने 2006 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या गेमवर एक भाग केला. त्यातली पोरं दिवसेंदिवस खुर्चीतून उठत नाहीत, फुगत जातात, सगळं किळसवाणं दिसतं. पण गेममधली दृश्यं त्या गेमच्या कंपनीची मदत घेऊन केलेली आहेत, आणि लढाईची आखणी, पातळी वाढवण्यासाठी तेच तेच कंटाळवाणं काम करत राहणं हे तपशील खेळणाऱ्याला लगेच ओळखू येतात. टीका जोरदार आहे आणि खेळणाऱ्यांनीच ती सगळ्यात जास्त उचलून धरली. त्या भागाला एमी पुरस्कारही मिळाला.

न कळता दाखवल्याने काय होतं, हे आपण 2017 मध्ये बघितलं. मुंबईतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर सगळीकडे 'ब्लू व्हेल गेम'ची बातमी झाली. तो दुकानातून आणायचा किंवा डाउनलोड करायचा गेम नव्हताच, सोशल मीडियावरून दिल्या जाणाऱ्या, जिवावर बेतणाऱ्या आव्हानांबद्दलचं ते बोलणं होतं. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे गृहराज्यमंत्री हंसराज अहिर यांनी लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या कुठल्याही घटनेत त्याचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही. तोवर घराघरांत मुलांच्या हातातले फोन हिसकावले गेले होते. ती मुलं कशाने दुःखी आहेत हे विचारण्याची वेळ फोन हिसकावण्यात निघून गेली, याचा मला आजही राग येतो.

दादा, जमलं तर 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' हा 2024 चा नॉर्वेजियन माहितीपट बघा. मॅट्स स्टीन नावाच्या मुलाला स्नायू झिजत जाणारा डुशेन हा आजार होता. तो चाकाच्या खुर्चीत होता, आणि शेवटची वर्षं बहुतेक वेळ 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळण्यात गेली. आईवडिलांना दिसायची ती त्याची पाठ आणि समोरचा पडदा. मालिकांत दाखवतात तसंच चित्र. 2014 मध्ये तो पंचविसाव्या वर्षी गेला. आपला मुलगा कुणाशी मैत्री न करता, कुणाच्या उपयोगी न पडता गेला, हे त्यांचं सगळ्यात मोठं दुःख होतं. त्याने मागे ठेवलेल्या पासवर्डने वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि अनोळखी लोकांचे मेल येऊ लागले, युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतून. ते त्याच्याबरोबर गेममध्ये एका गटात खेळणारे होते, तिथे त्याचं नाव इबेलिन. नेदरलँड्समधल्या एका मुलीचा कॉम्प्युटर आईवडिलांनी काढून घेतला होता, तर त्याने त्यांना पत्र लिहून तिची बाजू मांडली होती. एक आई आणि तिचा ऑटिझम असलेला मुलगा यांना गेमच्या आतून एकमेकांजवळ यायची वाट त्याने दाखवली होती. काहींशी तो वाईटही वागला होता, तेही माहितीपटात लपवलेलं नाही. गटातले काही जण अंत्यसंस्काराला ओस्लोपर्यंत गेले. त्या गटाने गेममधली संभाषणं आणि हालचाली नोंदवून ठेवल्या होत्या, त्यामुळे दिग्दर्शक बेंजामिन री याला त्याचं तिथलं आयुष्य पुन्हा उभं करता आलं.

त्या आईवडिलांनी मुलावर जिवापाड प्रेम केलं, त्याचं सगळं केलं. तरी खोलीत काय चाललंय ते त्यांना दिसलं नाही, कारण गेम खेळणारा मुलगा म्हणजे एकटा मुलगा हीच समजूत त्यांच्यापर्यंत पोचलेली होती. ती समजूत रोज थोडी थोडी पोचवली जाते, आणि त्यात प्राइम टाइमच्या मालिकेचा वाटा मोठा आहे. म्हणून मी वायरीवर एवढं लिहिते.

आपल्या घरांतलं सगळ्यात नेहमीचं भांडण घ्या. आई हाक मारते, मुलगा म्हणतो "थांब ना, पाच मिनिटं." मालिकेत हा उद्धटपणा असतो. पण बीजीएमआयच्या एका मॅचमध्ये शंभर जण उतरतात, खेळायची सुरक्षित जागा (झोन) आक्रसत जाते, आणि मॅच अर्धा तास चालू शकते. ती थांबवता येत नाही. तो चौघांच्या स्क्वाडमध्ये असेल, तर मध्येच उठला की बाकीचे तिघं अडचणीत येतात, आणि ते बहुधा त्याच्याच वर्गातले असतात. हेडफोनही आईचा आवाज बंद करायला घातलेला नसतो, शत्रूची पावलं कुठून येतायत ते ऐकायला घातलेला असतो. हे ठाऊक असलेली आई "आत्ताच्या आत्ता बंद कर" असं न म्हणता "ही मॅच झाली की पुढची लावायची नाही" असं म्हणू शकते, आणि त्यानंतरही त्याने लावली तर तिचा राग अगदी रास्त असतो. हा सीन भांडणाचाच राहतो, फक्त दोघांच्याही बाजू कळतात. त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.

पैसे लावून खेळायच्या ॲप्सचं काय, असंही तुम्ही विचारलंत. रमीच्या ॲपवर पगार उडवणारा बाप आणि स्क्वाडमध्ये खेळणारा मुलगा ही दोन वेगळी माणसं आहेत. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही ती वेगळी केली: पैशांच्या खेळांवर बंदी, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेम्सच्या स्पर्धांना, मान्यता. लेखकांनी निदान तेवढा फरक करावा.

पुढच्या वेळी असा सीन आला, तर युनिटमधल्या एखाद्या गेम खेळणाऱ्या मुलाला बोलावून फक्त विचारा, "हा नीट खेळतोय का?" असा मुलगा नसलेलं युनिट असेल असं मला वाटत नाही. फोन आडवा धरायचा, स्क्रीन चालू ठेवायचा, अंगठे शांत, आणि क्लोज-अप डोळ्यांचा. आणि हवं असेल तर सीनचा कागद मला पाठवा, मी त्याच दिवशी वाचून कळवेन. मानधन नको.